अंबारी निघण्याआधी काय खावं

म्हैसूरच्या दसऱ्याला निघालेली मराठी मंडळी राहण्याची सोय महिनोन्‌महिने आधी करतात आणि खाण्याचं मात्र नशिबावर सोडतात. मग राजवाड्यासमोरच्या गर्दीत पाय भरून आले, की जी पाटी आधी दिसेल तिथं शिरायचं, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय आणि चायनीज असं सगळं एकाच कार्डावर असलेल्या हॉटेलात पनीर मागवायचं आणि घरी येऊन सांगायचं, की शहर सुंदर आहे, पण खायला काही विशेष नाही. हे ऐकलं की मला राहवत नाही. अन्नतंत्रज्ञान हा माझा पेशा आणि तो मी म्हैसूरलाच शिकले. वडियार घराण्यातल्या राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा मॅन्शनमध्ये 1950 साली सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, सुरू झाली. देशभरातले अन्नतंत्रज्ञ इथं घडतात. दिवसभर प्रयोगशाळेत पिठाची आम्लता मोजायची आणि संध्याकाळी गावात जाऊन तेच पीठ तव्यावर काय करतं ते पाहायचं, असं दुहेरी शिक्षण या शहरात आपोआप होतं.

मोठ्या सोहळ्याच्या जागेजवळ स्थानिक जेवण शोधायचं तर माझा नियम साधा आहे. सोहळ्याच्या गर्दीवर जगणारं दुकान टाळायचं आणि गर्दी असली काय, नसली काय, रोजचंच काम करत राहणारं दुकान गाठायचं. यात भावनेचा भाग कमी, शास्त्राचा जास्त. ज्या स्वयंपाकघरात एकच पदार्थ होतो, तिथं तव्याचा ताव, पीठ आंबायची वेळ आणि माल संपायचा वेग हे तिन्ही वर्षानुवर्षं बसलेले असतात. ग्राहक दुप्पट झाले तर तिथली रांग लांबते, पदार्थ बदलत नाही. दीडशे पदार्थांच्या कार्डामागे मात्र अर्धवट शिजवून ठेवलेल्या मालाचा फ्रीज असतो, आणि गर्दीच्या दिवशी पहिला ताण त्या फ्रीजवरच येतो.

या बाबतीत म्हैसूर भाग्यवान. आपल्याकडे मोठ्या सोहळ्यांच्या जागा गावाबाहेर गेल्या. गहुंजेच्या स्टेडियमवर सामना पाहणाऱ्याला आसपास द्रुतगती मार्ग दिसतो, पेठ दिसत नाही. दसऱ्याची मुख्य जागा म्हणजे अंबाविलास राजवाडा, आणि तो गावाच्या पोटात आहे. जुना लाकडी राजवाडा 1897 साली जळाल्यावर हेन्री आयर्विन या वास्तुरचनाकाराने आराखडा केलेला हा नवा राजवाडा 1912 मध्ये पुरा झाला. विजयादशमीला इथूनच 750 किलोंची सोन्याची अंबारी चामुंडेश्वरीची मूर्ती घेऊन निघते. के. आर. सर्कल, सय्याजीराव रस्ता, आयुर्वेदिक हॉस्पिटलचा चौक, बांबू बाजार असं करत ही मिरवणूक, म्हणजेच जंबू सवारी, सुमारे पाच किलोमीटरवरच्या बन्नीमंटपाला पोचते. बन्नी म्हणजे आपली शमी. हा मार्ग जुन्या बाजारपेठेतूनच जातो. आणि सय्याजीराव म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर मराठी माणसाने उपाशी फिरावं, हे काही बरं नाही.

सुरुवात सकाळी लवकर नजरबादमध्ये करा. राजवाड्यापासून दीड-दोन किलोमीटरवरचा हा भाग मैलारी डोशाचा. विनायक मैलारीचा जन्म 1938 चा. मिळत्याजुळत्या नावाची दोन हॉटेलं जवळजवळच आहेत आणि अस्सल कोणतं यावर म्हैसूरकरांचा वाद चालूच असतो. तुम्ही त्यात पडू नका, जिथं जागा मिळेल तिथं बसा. मुंबई-पुण्याच्या उडुपी हॉटेलांनी आपल्याला शिकवलेला ‘म्हैसूर मसाला’ म्हणजे लाल चटणी फासलेला कुरकुरीत डोसा. तो डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर गोंधळाल. मैलारी डोसा मऊसूत असतो. आत कांद्याचं सागू, म्हणजे पातळसर भाजी, वर लोण्याचा गोळा, बाजूला खोबऱ्याची चटणी आणि खाली केळीचं पान. कुरकुरीतपणा म्हणजे पाणी उडून जाणं. पीठ तव्यावर पातळ ओढलं की पाणी झपाट्याने उडतं, पापुद्रा तांबूस होतो आणि कडक बनतो. पीठ जाडसर राहिलं तर वाफ आतच कोंडते आणि आंबवणीतल्या वायूने आधीच पोकळ केलेलं पीठ स्पंजासारखं फुलतं. हे फुलणं टिकवून धरायचं काम उडदाच्या चिकट घटकांचं. बरं पीठ आणि बेताचा ताव असेल तर दोन डोसे सहज जातात.

नाश्ता करून देवराज मार्केटकडे वळा. हळदीकुंकवाच्या रंगीत राशी आणि मल्लिगेचे गजरे यांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही केळ्यांच्या गल्लीत जाऊन नंजनगुड रसबाळे मागा. नंजनगुड इथून पंचवीस किलोमीटरच्या आत. या केळ्याला भौगोलिक मानांकन आहे. पनामा मर रोगाने त्याच्या बागा फार घटवल्या, त्यामुळे मिळालं तर भाव करत बसू नका. साल पातळ, गर मऊ, पिकण्याचा वेग जबरदस्त. दूरच्या बाजारात ते धड पोचतच नाही. नवरात्राचा उपवास असणाऱ्यांना तर यापरता फराळ नाही. म्हैसूरच्या विड्याच्या पानालाही मानांकन आहे. ते कोवळं आणि कमी तिखट असतं. जेवणानंतरचं पान त्याचंच लावून घ्या.

मार्केटच्या लगतच, सय्याजीराव रस्त्यावर, गुरू स्वीट मार्ट हे छोटंसं दुकान आहे. चौथ्या कृष्णराज वडियारांच्या मुदपाकखान्यातले आचारी काकासुर मादप्पा यांनी म्हैसूर पाक पहिल्यांदा केला असं सांगतात, आणि हे दुकान त्यांच्याच वंशजांचं. डाळीचं पीठ, साखर, तूप. चौथा जिन्नस नाही. सगळी करामत उष्णतेची. एकतारी पाकात पीठ शिजत असताना वरून कडकडीत तूप सोडतात. तुपाचा ताव पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बराच वर असतो, म्हणून पाकातल्या पाण्याची एकदम वाफ होते, मिश्रण फसफसतं आणि वाफ निघून गेलेल्या जागी जाळी उरते. खोल ताटात ओतल्यावर कडा लवकर निवतात, मध्य बराच वेळ तापलेला राहतो. म्हणून वडी कापल्यावर मधला पट्टा तपकिरी दिसतो. दिवाळीत घरी म्हैसूर पाक करणाऱ्यांनी हा पट्टा करपल्याची खूण समजू नये, तो मुद्दाम मिळवायचा असतो. गुरूकडचा पाक मात्र जाळीदार नसून मऊ, तोंडात विरघळणारा. दोन्ही प्रकार खऱ्या म्हैसूर पाकाचेच आहेत.

मांसाहारींनी मंडी मोहल्ल्यातलं हनुमंतू गाठावं. 1930 पासूनचं हे नाव मटण पुलावासाठी प्रसिद्ध आहे आणि मिरवणुकीच्या मार्गापासून फार आत नाही. इथं अन्नतंत्रज्ञाचा एक सल्ला: पुलाव कुठलाही असो, हंडा नुकता उघडलेला असतानाच खा. भात शिजला तरी बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढायला लागतात. साठ अंशांच्या वर राखलेला किंवा भराभर संपणारा भात निर्धोक. म्हणूनच रांग असलेल्या ठिकाणचा भात मला शांत हॉटेलातल्या भातापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

दसऱ्यात सरकारतर्फे आहार मेळा भरतो. जागा कधी कधी बदलते, त्यामुळे त्या वर्षीची पत्रिका पाहून जावं. इथंही रंगीत दिव्यांच्या चाट स्टॉलांपुढे न थांबता दोन गोष्टींसाठी आत जावं. पहिली म्हणजे हेग्गडदेवनकोटे भागातल्या आदिवासींची बांबू बिर्याणी. हिरव्या बांबूच्या पेरात तांदूळ, मसाला, मांस भरून, तोंड पानांनी बंद करून निखाऱ्यांवर ठेवतात. बांबूतल्या ओलाव्याने भात वाफेवर शिजतो आणि नळी जळायच्या आत तयार होतो. दुसरी म्हणजे रागी मुद्दे. नाचणीचा वाफाळता उंडा, सोबत गावठी कोंबडीचं सारू किंवा पालेभाजीचं बस्सारू. आपण नाचणीची भाकरी चावून खातो. मुद्द्याचा तुकडा तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा पासंगही नाही. दक्षिण कर्नाटकातल्या शेतकऱ्याने हे कोष्टक न वाचता अंगी बाणवलं आहे.

राजवाड्याजवळच्या दोड्डकेरे मैदानावरचं दसरा प्रदर्शन 1880 मध्ये चामराज वडियारांच्या काळात सुरू झालं, आणि दसरा संपल्यावरही ते पुढं कैक आठवडे चालतं. तिथं म्हैसूरकर खातात ते दिल्ली हप्पळ, म्हणजे ताटाएवढा तळलेला पापड, आणि मिरची भजी. दोन्ही डोळ्यांदेखत उकळत्या तेलातून निघतात, म्हणजे धोका कमी. चुरमुरी मात्र आपल्या भेळेच्या भरवशावर मागवू नका. चुरमुऱ्यांत किसलेलं गाजर, कांदा, टोमॅटो, मसाला आणि खोबरेल तेल असा तिचा थाट, चिंचेचं पाणी नाही. लालभडक गोबी मंचुरीपुढे गर्दी असते, पण तिच्यातल्या रोडामाइन-बीसारख्या रंगांवर कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये बंदी घातली. आजही एखाद्या स्टॉलवर मंचुरी चमकदार लाल दिसली तर पुढं चला.

युवा दसऱ्याच्या मैफलींना येणारी मुलं विचारतात, की इथं कोरियन खाणं कुठं मिळेल. बीटीएस या कोरियन बँडच्या पिढीचा हा प्रश्न मला अजिबात वावगा वाटत नाही. किमची आंबवायला सुरुवात करणाऱ्या जिवाणूंत ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्‌स प्रमुख, आणि आपल्या इडली-डोशाच्या पिठात पहिल्या तासांत वायू धरणाराही तोच. आणि कोरियात जाऊन कोरियन खायचं झालं तरी नियम बदलत नाही. सोलमध्ये फॅशन वीक भरतो ती दोंगदेमुन डिझाइन प्लाझा ही 2014 साली उघडलेली चकचकीत वास्तू. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ग्वांगजांग बाजार आहे, 1905 चा. तिथं भिजवलेले मूग दगडी जात्यावर वाटून तव्यावर तळलेलं बिनदेत्तोक मिळतं. आपल्या मुगाच्या धिरड्याचं ते थोरलं भावंड. प्लाझातल्या कॅफेत न थांबता जो बाजारातल्या गाड्यांपर्यंत चालत जातो त्याला सोलचं जेवण मिळतं. नजरबादचं गणित याहून वेगळं नाही.

आता वेळेचा हिशेब. नवमीला आयुधपूजा असते. रगडे, तवे, गाड्या सगळ्यांना कुंकू लागतं आणि पुष्कळ दुकानदार दुकान लवकर बंद करतात. म्हणून गुरू आणि देवराज मार्केट अष्टमीपर्यंत उरका. विजयादशमीला दुपारनंतर सय्याजीराव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अडथळे लागतात. एका बाजूने दुसरीकडे जाणं अवघड होतं आणि माणसं तासन्‌तास आधी जागा धरून बसतात. त्या दिवशी सकाळी भरपेट डोसा खावा, पिशवीत केळी आणि पाण्याची बाटली ठेवावी. खोबऱ्याची चटणी बांधून घेऊ नये. उन्हात ती दोन-तीन तासांत आंबते. रात्री बन्नीमंटपावरची मशालींची कवायत पाहून परतताना गरम डोसे-इडल्या करणारं दुकान उघडं दिसलं तर थांबावं, नाहीतर सरळ झोपावं.

शेवटी काय सोबत आणायचं आणि काय तिथंच खायचं, हेही पदार्थांचा स्वभाव पाहून ठरवावं. म्हैसूर पाकात साखर आणि तूप इतकं, की जिवाणूंना लागणारं मोकळं पाणी उरतच नाही. तो आठवडाभर प्रवास सोसतो, खुशाल किलोभर घ्या. मैलारी डोसा डब्यात बांधला, की त्याचीच वाफ थंड होऊन त्याला लिबलिबीत करते. रसबाळे पुण्यापर्यंत काळं पडतं. रागी मुद्दे गार झाले की दगड होतात. जंबू सवारी मात्र दूरदर्शनवर घरबसल्या थेट दिसते, आणि खरं सांगायचं तर अंबारी तिथं जास्त जवळून दिसते. म्हणून पाहणं आणि खाणं यांत ओढाताण झालीच, तर मी डोळे झाकून खाण्याची बाजू घेईन. म्हैसूरला जाण्याशिवाय ज्याला पर्याय नाही असं दसऱ्यातलं काही असेल तर ते तिथल्या तव्यावर आणि चुलीवर आहे.