अर्थ बघितलास का?

माणसाने आपल्या अज्ञानाविषयी नम्र असावे असे जाणते लोक सांगत आले आहेत. परंतु भाड्याच्या घरात राहणाऱ्या सरकारी कारकुनाला ती चैन परवडत नाही. घरमालक त्याला विद्वान समजत असतो, आणि तो समज टिकवून धरणे हा भाड्याचाच एक हप्ता असतो. रायपूरच्या पुरानी बस्तीत आम्ही बिऱ्हाड मांडले त्याला आता चार वर्षे होतील. एवढ्या अवधीत घरमालकांचे विजेचे बिल, त्यांच्या नातवाचा शाळाप्रवेश आणि बँकेकडून आलेली पत्रे या सर्व विषयांवर आम्ही मत दिले, आणि सुदैवाने ते खोटे ठरले नाही. म्हणूनच गेल्या मार्गशीर्षातील एका संध्याकाळी त्यांचे चिरंजीव आमच्या दारात येऊन, "भैया, सेल्फ नइ उठत हे," असे म्हणाले, तेव्हा "त्यातले आम्हांस काही कळत नाही" हे साधे सरळ वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. "पाहू या," असे आम्ही म्हणालो आणि पायांत वहाणा सरकवल्या.

पुरानी बस्ती म्हणजे जुने रायपूर. महामायेच्या देवळातील घंटा आणि दूधाधारी मठाकडे जाणाऱ्यांची वर्दळ यांच्या आधाराने येथील दिवस उगवतो. मराठी माणसाला हा मुलूख परका वाटण्याचे वास्तविक कारण नाही. 1854 साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करीपर्यंत येथे भोसल्यांचा अंमल होता. जवळच्या तात्यापाऱ्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आणि 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदी गद्याला वळण लावणारे माधवराव सप्रे मराठीच होते. हे सर्व आम्हांला ठाऊक आहे. तरीही दर वर्षी पुण्याकडे बदली मागणारा आमचा अर्ज योग्य त्या मार्गाने वर जातो, आणि त्याच मार्गाने, एका ओळीच्या शेऱ्यासह, खाली येतो.

घरमालकांच्या घरामागे प्रशस्त अंगण आहे. त्याचे फाटक मागच्या रस्त्यावर उघडते, आणि त्या अंगणात चिरंजीवांचा जुना ट्रक उभा असतो. हे दिवस त्यांच्या कमाईचे. कार्तिक सरत आला की सहकारी समित्यांच्या केंद्रांवर सरकारी भावाने धान खरेदी सुरू होते, पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि ते धान गिरण्यांपर्यंत नेणाऱ्या ट्रकांना उसंत नसते. अशा ऐन हंगामात हा ट्रक आठ दिवस धक्का मारून चालवावा लागत होता. हमाल हसत, पण धक्का देण्याचे पैसे घेत. त्या दिवशी तर अंगणातून तो हललाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भरणीला उभे राहिले नाही तर फेरी दुसऱ्याला जाणार होती. एका मिस्त्रीने सेल्फ पुरता गेल्याचे सांगून नव्याची किंमत सांगितली होती. ती ऐकून चिरंजीवांच्या पत्नीने आपली चांदीची करधन, म्हणजे आपल्याकडची साखळीच, काढून फडक्यात बांधून ठेवलेली आम्ही ओसरीवर पाहिली. त्या गाठोड्याकडे कोणीच सरळ पाहत नव्हते.

ज्या वाचकांचा वाहनाशी संबंध प्रवासभत्त्याच्या देयकापुरताच येतो त्यांच्यासाठी सांगावयास हवे की सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी विजेची मोटर. पूर्वी हे काम पुढून हँडल मारून करीत. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी बनविलेला विजेचा स्टार्टर आला, आणि मनगटांवरची ती आपत्ती हळूहळू टळली. त्या 'सेल्फ-स्टार्टर'मधील 'स्टार्टर' आपल्या लोकांनी गाळला आणि 'सेल्फ' तेवढा ठेवला. आपणहून सुरू होणारा, म्हणून सेल्फ! आमचा अनुभव मात्र असा की या नावाइतके फसवे नाव यंत्रशास्त्रात दुसरे नसेल.

त्याची रचना आमच्या कचेरीसारखी आहे. चावी फिरविली की थोडासा प्रवाह सोलेनॉइड नावाच्या वेटोळ्याकडे जातो. ही झाली कारकुनाची सही. वेटोळे एक लोखंडी दांडा आत ओढते. तो दांडा मोटरीचे लहान दातेरी चाक पुढे सारून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकवितो, आणि त्याच वेळी तांब्याचे दोन जाड संपर्क एकमेकांना जोडतो. मग बॅटरीतला खरा लोंढा मोटरीत शिरतो. घरातला साठ वॅटचा दिवा पाव अँपिअरवर जळतो. ट्रकच्या सेल्फला काही क्षण शेकडो अँपिअर लागतात. आमच्या ट्रकमध्ये सही होत होती, पण पुढे अंमलबजावणी नव्हती. चावी फिरविली की 'टक्' असा एकच आवाज येई आणि पुन्हा शांतता.

मिस्त्रीने सेल्फला दोषी ठरविले होते, तेव्हा आम्हीही त्यालाच बाहेर काढण्याचा निर्णय दिला. चिरंजीवांनी चाकांमागे गुटके लावले, बॅटरीची मायनसची तार आधी सोडली आणि ट्रकखाली सरकून दहा-बारा किलोंचा तो ऐवज छातीवर झेलीत बाहेर आणला. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून शवविच्छेदन झाले. कार्बन अर्ध्याहून अधिक शिल्लक होते. ते ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल काळवंडला होता, तो आम्ही बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ केला. सगळे जोडून सेल्फ जाड पाटाला दोराने करकचून बांधला आणि एका बॅटरीचा प्रवाह दिला. तो असा गरगरला की घरमालकांच्या नातवाने टाळ्या वाजविल्या. आम्ही कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. बोटे काळी झाली होती. रात्री नऊला सेल्फ पुन्हा जागेवर चढला, चावी फिरली, आणि 'टक्' असा एकच आवाज आला.

नातू निजावयास गेला. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर ओसरीवरल्या फडक्याकडे गेलेली आम्ही पाहिली. आणि मग आम्ही जे करावयास हवे होते ते तीन तास उशिरा केले: कराडला अण्णांना फोन लावला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. एस.टी.च्या आगारात त्यांनी वीजतंत्री म्हणून सारी नोकरी काढली. त्यांच्या नखांतला काळा रंग दिवाळीच्या अभ्यंगानेही जात नसे. शाळेच्या पालकसभेला ते येत तेव्हा हात पाठीमागे धरून उभे राहत. त्यांना लाज वाटत होती म्हणून नव्हे. आम्हांला वाटते हे त्यांनी ओळखले होते म्हणून. "तुझ्या हातात पाना नको, लेखणी हवी," असे ते म्हणत, आणि आम्ही ते इतके मनावर घेतले की त्यांच्या पान्याविषयी उभ्या आयुष्यात एक प्रश्न विचारला नाही. आमचे फोनवरचे संभाषण दोन मिनिटांत आटोपते. प्रकृती कशी आहे, पगार झाला का, बदलीचे काय. तिन्ही उत्तरे दोघांनाही पाठ आहेत.

त्या रात्री आम्ही म्हणालो, "अण्णा, ट्रकचा सेल्फ उचलत नाही."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आवाज आला तो आमच्या ओळखीचा नव्हता, आगारातला असावा. "किती वेळा टक् करतो? एकदा की टकटकटक?"

"एकदाच."

"पुढचे दिवे लाव आणि चावी मार. मंद होतात?"

"नाही. तसेच राहतात."

"बॅटऱ्या दोन आहेत ना? मीटर काय दाखवतो?"

"पंचवीस."

"मग बॅटरीला बोल नाही. सेल्फ बाहेर काढून फिरवलास?"

"हो. छान फिरला."

"म्हणजे तीन तास फुकट घालवलेस," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच थोडी मौज होती. "अर्थ बघितलास का?"

आम्ही मराठी घेऊन पदवीधर झालेले. अर्थ म्हटला की आम्हांला वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ आठवतात. "कशाचा अर्थ?" असे आम्ही विचारले. अण्णांनी मुलाच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाला क्षणभर मनातल्या मनात श्रद्धांजली वाहिली असावी; पण त्यांनी न चिडता समजावून सांगितले. प्रवाह बॅटरीतून निघून सेल्फपर्यंत पोहोचला एवढ्याने काम होत नाही. तो बॅटरीकडे परत आला पाहिजे. ट्रकला परतीची वेगळी तार प्रत्येक यंत्राला देत नाहीत, गाडीची चासीच परतीचा रस्ता असते. पण इंजिन बसलेले असते रबरावर. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक पट्टी लावतात, तिला म्हणतात अर्थ. दिव्यांची परतीची वाट थेट चासीतून जाते, म्हणून ते प्रसन्न जळतात. सेल्फचे मात्र सगळे दैव त्या पट्टीवर.

"इंजिन बंद करायची ओढतार असते ना, ती अलीकडे गरम होते का, विचार."

आम्ही विचारले. चिरंजीव चपापले. ती तार महिन्याभरात दोनदा बदलावी लागली होती. तिचे आवरण वितळत होते. "बरोबर," अण्णा म्हणाले. "थोरला रस्ता बंद झाला की प्रवाह असल्या गल्लीबोळांतून वाट काढतो. गाडी न्यूट्रलला टाक, ओढतार ओढून धर म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. आता चावी मारायला सांग. चार-पाच सेकंद, जास्त नको. किती?"

"तेरा."

"अर्धासुद्धा नको तिथे," अण्णा म्हणाले आणि थांबले. म्हातारा वैद्य नाडी सोडून हात खाली ठेवतो तसे ते थांबणे होते. पंचवीस व्होल्टांतले तेरा परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. उरलेल्यावर सही तेवढी होत होती.

पट्टी सापडली गिअरबॉक्सच्या बाजूला, चिखलाच्या थराखाली. वरून ती शाबूत दिसत होती. आमची सौभाग्यवती चहा घेऊन आली होती, तिच्याच हातात आम्ही विजेरी दिली. बोल्ट सोडताच तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "अहो, हा तर कळंक आहे!" पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की ताकाला जो हिरवा कळंक चढतो तोच बोल्टाखाली दाटला होता. निम्मे धागे हाताच्या स्पर्शाने तुटून आले. चार वर्षांत आमच्या सौभाग्यवतीने ट्रकविषयी काढलेले हे पहिलेच उद्गार, आणि मिस्त्रीपेक्षा अचूक!

पुढचे काम अर्ध्या तासाचे. घरमालकांनी अडगळीतून बॅटरीची एक जुनी जाड केबल शोधून दिली. दोन्ही टोकांखालचे लोखंड चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट आवळले, वरून व्हॅसलीन चोपडले. नवा खर्च काहीच नाही. मायनसची तार परत जोडली, ओढतार आत सारली, चिरंजीवांनी देवीचे नाव घेतले आणि चावी फिरविली.

'टक्' झाले की नाही ते आम्हांला ऐकूच आले नाही. इंजिन एकदा खाकरले आणि साऱ्या अंगणाला कंप सुटला. कोठले तरी कुत्रे भुंकू लागले, नातू डोळे चोळीत बाहेर आला, आणि चिरंजीवांच्या पत्नीने ओसरीवरचे फडके उचलून, कोणाकडेही न पाहता, आत नेले. पहाटे पाचला ट्रक फाटकाबाहेर पडला. सकाळी आमच्याकडे ताटभर वाफाळता फरा आणि टमाट्याची चटणी आली. ती घेऊन येणाऱ्या माउलीच्या कमरेला करधन होती.

आमच्यासारख्या परमुलखातल्या नोकरदारांनी या गोष्टीवरून मोठेसे तात्पर्य काढावे असा आमचा आग्रह नाही. बदलीचा अर्ज आम्ही मागे घेतलेला नाही. तो यंदाही जाईल. पण आपली गाडी अडली की आपण सेल्फ उघडून बसतो, कार्बन तपासतो, स्वतःला दोष देतो. पगार पाठविला, पत्र टाकले, फोन केला, म्हणजे आपल्या बाजूने प्रवाह गेला अशी आपली समजूत असते. तो परत येण्याची वाट कधी कळकून गेली ते चिखलाच्या थराखाली दिसत नाही. दिवे मात्र जळत राहतात, त्यामुळे घरच्यांना आणि दारच्यांना सगळे ठीक वाटते.

असो. एक गोष्ट सांगावयाची राहिली. इंजिन सुरू झाले तेव्हा फोन आमच्या हातात तसाच होता. चाळीस मिनिटे झाली होती. अण्णांशी एवढा वेळ आम्ही यापूर्वी कधी बोललो असू असे आठवत नाही. आम्ही फोन इंजिनाजवळ नेला आणि काही क्षण तसाच धरला. अलीकडे अण्णांना कानाने कमी ऐकू येते. शेजारच्या खोलीतून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. फोन परत कानाला लावून आम्ही ओरडून विचारले, "ऐकलंत का, अण्णा?"

"ऐकलं," ते म्हणाले. "टॅपेट वाजतायत. रविवारी हात मोकळे ठेव. फोन कर, सांगतो."