तेल लावलंस?

बाबांच्या करवतीवर माझी चार बोटं उमटली आहेत. पोलिसांच्या कामी येतील इतकी स्पष्ट नाहीत, पण मोजता येतात.

मे महिन्यात आंबे खायला रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी गेलो होतो. २ वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा बाबांच्या उजव्या हाताची पकड गेली. तेव्हापासून त्यांची सुतारकामाची पेटी पडवीत पडून होती. मी निघायच्या दिवशी ते म्हणाले, "पावसाआधी हत्यारांना तेल लाव." मी पेटी उघडली. घामेजल्या हातांनी करवत उन्हात धरली, फोटो काढला, स्टोरीला टाकला. खाली लिहिलं, 'वारसा'. भरपूर बदाम आले. तेवढ्यात रिक्षा आली, म्हणून पेटी लावून टाकली.

मृगाच्या पहिल्या पावसात बाबांचा फोन आला. "तेल लावलंस?"

"हो."

जुलैत आमच्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्के असते. लोखंडाला गंजायला पाऊस अंगावर यावा लागत नाही, दमट हवा पुरते. त्यात समुद्राकडून येणारं मीठ. आणि घामातलंही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि खारट ओलीत गंज जोमाने धरतो. ॲल्युमिनियमवर चढणारा थर निदान खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून बसतो आणि आत खातच जातो.

गणपतीला गेलो तेव्हा माटवीची एक पट्टी बदलायची होती. बाबांनी पेटी उघडायला लावली. करवतीवर चार तपकिरी डाग, पलीकडे अंगठ्याचा पाचवा. बाबांनी डाव्या हाताची बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली. त्यांची बोटं जाड आहेत.

"ही तुझी," एवढंच म्हणाले.

रंध्याची अवस्था वाईट होती. पात्याला जुना भुसा चिकटून राहिला होता आणि लाकडाचा भुसा हवेतलं पाणी शोषतो. त्याच्याखाली पात्याच्या सपाट पाठीवर बारीक खड्डे पडले होते. धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे भेटतात ती कड. पाठीवरचा खड्डा त्या कडेपर्यंत आला की तिथे खाच पडते, मग पुढून कितीही घासा.

दुपारभर बाबा सांगत होते आणि मी करत होतो. बारीक पॉलिश पेपर, शिलाई मशीनचं तेल, दाब हलका. मी खोबरेल आणायला उठलो तर ओरडले, "ते खवट होतं, चिकटतं!" गंज निघाला की लगेच कोरडं पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा, त्यानंतर पात्याला उघडं बोट लावायचं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, कागद ओल धरतो. तेलकट फडकं घ्यायचं. पेटीत कापराची वडी टाकायची. एवढ्या कामाला मे महिन्यात अर्धा तास लागला असता.

तपकिरी रंग गेला, करड्या खुणा राहिल्या.

संध्याकाळी त्याच रंध्याने माटवीची पट्टी साफ केली. खाचेमुळे लाकडावर केसाएवढी एक रेघ उभी राहिली. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, पट्टी उलटी केली आणि म्हणाले, "ही बाजू वर येऊ दे. नारळ बांधले की दिसणार नाही."

फोटो अजून हायलाइट्समध्ये आहे. काढायला गेलो, तर बाबांनीच तो फोनचा वॉलपेपर केलेला दिसला.