एअरो बेटावरचं सात दिवसांचं बिऱ्हाड

"तिथे बघायला काय आहे?" असं सासूबाईंनी आम्ही निघताना विचारलं आणि परत आल्यावर शेजारणींनीही तेच विचारलं. खरं सांगायचं तर राजवाडा नाही, धबधबा नाही, मोठा बाजारही नाही. डेन्मार्कच्या दक्षिणेला एअरो नावाचं बेट आहे. लांबी साधारण तीस किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त आठ आणि वस्ती सहा हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी!

माझी धाकटी नणंद ओडेन्सेला असते. हान्स अँडरसन 1805 साली ज्या गावी जन्मला, ते हे गाव. परीकथा शिकवताना वर्गात मी हे नाव कितीदा घेतलं असेल, पण तिथे जाईन असं कधी वाटलं नव्हतं. 2025 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सासूबाई आणि मुलांना घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो. जून लागला आणि एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, मुलांना आणि आईला मी बघते. तुम्ही दोघं आठवडाभर एअरोला जाऊन या. घर ठरवलंय." मी नको नको म्हणत होते, पण हे एकदम तयार झाले.

माझ्या नको म्हणण्याला कारण होतं. गेली पाच वर्षं ह्यांची नोकरी पुण्यात आणि आमचं घर सांगलीत. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, माझी अर्धवेळ शाळा, गॅसचा नंबर, सगळं माझ्या हातात. आम्ही पुण्याला जायचं की ह्यांनी इकडे बदली मागायची, हा विषय शनिवारी काढावा तर हे दमलेले, रविवारी पाहुणे, आणि सोमवारी गाडी. असं करत करत पाच वर्षं गेली. आता सात दिवस दोघांनीच समोरासमोर बसायचं, ह्याची मला चक्क धास्तीच वाटली.

स्वेनबोर्गपर्यंत आगगाडी, तिथून सव्वा तास बोट, की एअरोस्कोबिंग. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या, घरं बुटकी, लाकडी चौकटींची, कितीतरी सतराव्या-अठराव्या शतकातली. ह्यांना दारातून वाकूनच जावं लागे. (पहिल्या दिवशी कपाळावर टेंगूळ आलंच!) तिकडे भाड्याच्या घरात चादरी-टॉवेल बहुधा आपले न्यावे लागतात आणि निघताना घर आपणच स्वच्छ करून द्यायचं असतं. मी मसाल्याचा डबा, मुगाची डाळ आणि पोहेही नेले होते. त्यांचा राईचा काळा पाव पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना, चौथ्या दिवशी मात्र लोणी लावून मीच दोन तुकडे जास्त खाल्ले. जून असला तरी वारा असा बोचरा, की स्वेटर काढायची सोय नाही.

पहिला दिवस मी त्या परक्या घराचं स्वयंपाकघर आवरण्यात घालवला. आवरलेलंच होतं, तरी. दुसऱ्या दिवशी पोहे करत होते, तर हे कधी उजवीकडे, कधी डावीकडे उभे. मी म्हटलं, "अहो, जरा बाजूला व्हा ना! सारखे मधे मधे येताय."

हे गॅलरीत जाऊन रुसले असते, पण तिथे गॅलरीही नव्हती. शांतपणे म्हणाले, "पाच वर्षांत घरात मी कुठे उभं राहायचं तेवढी जागासुद्धा तू ठेवली नाहीस."

पोहे गार झाले. माझ्या तोंडी आलं होतं, की जागा ठेवायला माणूस घरात नको का? पण बोलले नाही. दिवसभर आम्ही 'मीठ द्या', 'किल्ली कुठे आहे' एवढंच बोललो. आणि तिथला दिवस संपता संपत नाही हो! रात्री पावणेदहापर्यंत उजेड. घरी असते तर भांडी, डबे, वह्या तपासणं, अशा कशात तरी डोकं घातलं असतं. तिथे रुसायलासुद्धा आडोसा नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरासमोर मी रेंगाळले होते. खिडकीत चिनी मातीची दोन पांढरी कुत्री होती, तोंडं रस्त्याकडे. घरातल्या आजीबाई बाहेर आल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमच्या गप्पा झाल्या. हे खलाशांचं बेट. जुन्या काळी नवरा समुद्रावर गेला, की बायको ही कुत्री बाहेर तोंड करून ठेवायची, आणि तो घरी आला की तोंडं आत वळवायची, असं म्हणतात. खरं खोटं देव जाणे, पर्यटकांना सांगायला गोष्ट छान आहे. मी मात्र मनातल्या मनात हिशेब करत राहिले. आमच्याकडे अशी कुत्री असती, तर दर शनिवारी आत आणि सोमवारी बाहेर. त्यांना चक्करच आली असती.

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली. दोन दिवसांत प्रथमच हे हसले.

बेटावरची बस फुकट आहे. फुकट म्हटल्यावर आम्ही बसणारच! गव्हाची शेतं, मधेच निळा समुद्र, असं बघत मार्स्टाल गावी गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या एवढ्याशा गावाची तीनशेवर जहाजं होती. बंदराला सुमारे एक किलोमीटर लांबीचा दगडी बांध आहे. 1825 साली गावकऱ्यांनीच तो बांधायला घेतला आणि हिवाळ्यात जहाजं बंद असताना घरी आलेले खलाशी त्यावर दगड रचत. मला मेलीला पहिला विचार हाच आला, की चार महिने घरी बसून बायकोच्या मधे मधे येण्यापेक्षा दगड उचललेले बरे वाटले असतील.

तो विचार मी मोठ्याने बोलले. हे हसले नाहीत. बांधाकडे बघत म्हणाले, "तू पुण्याला यायला तयार नाहीस, ते आईमुळे ना?"

"आईंमुळे नाही. मला शाळा सोडायची नाही."

"अर्धवेळ शाळेसाठी?"

"अर्धवेळच आहे, पण माझी आहे. तिथे मला बाई म्हणतात, अमक्याची सून नाही म्हणत."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या बाकावर आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. परतीची एक बस गेली, दुसरीही गेली. थोडं भांडलो, थोडी मी रडले. पुण्याच्या खोलीवर रात्री एकटं जेवायचं म्हणून हे कितीदा नुसतं दूध-बिस्किटांवर झोपतात, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या माणसाबद्दलची ही गोष्ट मला सात समुद्रांपलीकडे जाऊन कळावी!

उरलेल्या दिवसांत आम्ही काही 'पाहिलं' असं फारसं नाही. एक बाटलीतल्या जहाजांचा संग्रह पाहिला. जहाजावर स्वयंपाकी असलेल्या पीटर याकोबसेनने आयुष्यभरात अशी सतराशेवर जहाजं केली. बाकी समुद्रकाठच्या रंगीत लाकडी खोपट्यांपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. रस्त्याकडेला शेतकऱ्यांची छोटी फडताळं असतात, त्यांत नवे बटाटे, अंडी, मध. विकणारं कुणी नाही. पैसे डब्यात टाकायचे. क्रोनला तेराने गुणायची माझी सवय काही जाईना, पण बटाटे घेतले. ते काम ह्यांनी आपल्याकडे घेतलं. नुसत्या अंगठ्याने चोळलं की त्या बटाट्यांची साल निघते. मी जिरं-मिरचीची फोडणी देत होते आणि हे शेजारी उभे राहून बटाटे चोळत होते.

आल्यावर ह्यांनी बदलीसाठी अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे शनिवार-सोमवार चालूच आहे. ओट्याजवळ मी एक स्टूल ठेवलं आहे. रविवारी हे तिथे बसून बटाटे सोलतात. आपल्या बटाट्यांना सुरी लागते, आणि हे साल फार जाड काढतात. अजून तरी मी काही बोललेली नाही.