कोंबडा छाप तबकडी

मित्रांनो, फोनोच्या कर्ण्यात डोकावून ऐकत बसलेला कुत्रा तुम्ही चित्रात नक्की पाहिला असेल. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीची ती खूण. आपल्याकडे ग्रामोफोन म्हटलं की हाच कुत्रा आठवतो. पण कोंबडा छाप फोनो कधी ऐकलाय का? तो फ्रान्सचा! कंपनीचं नाव ‘पाते’. विळ्याचं पातं नव्हे बरं का! शार्ल आणि एमिल पाते या दोन भावांची ही कंपनी.

मी गंगाखेडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. माझ्याकडे एक चावीचा फोनो आणि चाळीसेक तबकड्या आहेत. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, “गुरुजी, मोबाइलमध्ये सगळी गाणी मिळतात. मग हे भंगार कशाला सांभाळता?” प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर तुम्हालाच सांगतो.

आधी थोडी पाते बंधूंची हकिकत. १८९४ साली पॅरिसजवळच्या व्हँसेन गावच्या जत्रेत धाकट्या शार्लने एडिसनचा फोनोग्राफ पाहिला. पैसे देऊन लोक बोलणारं यंत्र ऐकत होते. त्यानंही एक यंत्र मिळवलं आणि तो गावोगावच्या जत्रांत ते ऐकवत फिरू लागला. आपल्या जत्रेत पाळणेवाला फिरतो ना, तस्संच! दोन वर्षांत भावांची कंपनी उभी राहिली. पुढे ती सिनेमाच्या धंद्यातही जगभर गाजली.

आता खरी गंमत. तबकडीवर आवाज कसा राहतो? आवाज म्हणजे हवेचा थरथराट. तो थरथराट तबकडीवरच्या बारीक खाचेत कोरलेला असतो. आपल्या नेहमीच्या तबकडीत ही खाच डावी-उजवीकडे वळते, शेतातल्या नागमोडी पायवाटेसारखी. पाते कंपनीच्या जुन्या तबकडीत मात्र खाच वर-खाली जाते. गंगाखेडहून बालाघाटच्या डोंगरात शिरलात की रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. अगदी तशीच!

म्हणून तिला लोखंडी पिन चालत नाही. तिला लागतो नीलमणी! होय, नीलम या रत्नाचा बारीकसा गोल मणी. तो खाचेतून चढत-उतरत जातो. लोखंडी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते, नीलमणी मात्र बरेच दिवस टिकतो. सुरुवातीच्या पाते तबकड्यांची आणखी एक तऱ्हा होती. त्या आतून वाजायला लागायच्या आणि बाहेरच्या कडेला येऊन संपायच्या! त्यांच्यावर कागदी चिठ्ठी नसायची, गाण्याचं नाव तबकडीतच कोरलेलं असायचं. काही तबकड्या तर पन्नास सेंटिमीटर रुंदीच्या, भाकरीच्या परातीएवढ्या!

ही फ्रेंच यंत्रं हिंदुस्थानातही आली. कोलकात्याचे हेमेंद्र मोहन बोस सुवासिक तेल आणि अत्तर विकायचे. त्यांनी पाते कंपनीशी संधान बांधलं. बोसांनी मेणाच्या नळकांड्यांवर आवाज भरून घेतले आणि पातेने १९०८च्या सुमारास त्यांतल्या काहींच्या तबकड्या काढल्या. रवींद्रनाथ टागोरांचा आवाजही त्यात होता.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी मुंबईच्या चोर बाजारात गेलो होतो. एका दुकानात पितळी कर्ण्याचा चकचकीत फोनो मांडलेला. दुकानदार म्हणाला, “अस्सल फ्रेंच आहे, मास्तर. शंभर वर्षांचा!” मी वाकून साउंडबॉक्स पाहिला. साउंडबॉक्स म्हणजे पिनेचा थरथराट झेलणारी गोल डबी. आपल्या फोनोत ती तबकडीवर उभी असते. पातेच्या फोनोत ती आडवी, तबकडीकडे तोंड करून असते. ही उभी होती. पेटीचं लाकूड कोरं, कर्ण्यावर एक ओरखडा नाही. जुन्या मोटारीवर नवी पेटी आणि नवा कर्णा चढवलेला होता. असे नवे-जुने जोड बाजारात पुष्कळ मिळतात. शोभेला ठीक असतात, पण त्यांना अस्सल म्हणू नये.

“वाजवून दाखवतो ना!” असं म्हणत त्यानं गठ्ठ्यातली एक जाडजूड काळी तबकडी काढली आणि चावी भरली. माझं लक्ष तबकडीच्या मध्याकडे गेलं. कागदी चिठ्ठी नाही! कोरलेली अक्षरं आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं, पाते. लोखंडी पिन तबकडीवर टेकणार, इतक्यात मी त्याचा हातच धरला. “अहो, थांबा! ही पिनेची नाही!” तो माझ्याकडे बघतच राहिला. ती पिन फिरली असती तर आवाज जेमतेम खुरखुरला असता आणि खाचेचे डोंगर खरवडून निघाले असते. एकदा खरवडलेला आवाज परत आणता येत नाही, मित्रांनो. कुणीही आणू शकत नाही.

मी फोनो घेतला नाही. तबकडी तेवढी घेतली. “ती वाजतच नाही” म्हणून त्यानं स्वस्तात दिली!

पुढची दोन वर्षं ती माझ्या कपाटात मुकी उभी होती. मग परभणीच्या एका निवृत्त ग्रंथपालांकडे पातेचा खरा फोनो आहे असं कळलं. रविवारी सकाळी रेल्वेनं गेलो. तबकडी मऊ पंचात गुंडाळून मांडीवर घेतलेली. त्यांनी तिच्यावरची धूळ कोरड्या फडक्यानं हळूच टिपली, चावी भरली आणि नीलमणी आतल्या खाचेत ठेवला. आधी खरखर, जणू कुणी लाह्या भाजतंय. आणि मग एक बाई गाऊ लागली. फ्रेंचमध्ये. एक शब्द कळला नाही मला. पण एका ओळीच्या आधी तिनं श्वास घेतला ना, तो ऐकू आला! शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्याशा खोलीत घेतलेला श्वास, परभणीत! आम्ही दोघं काही वेळ बोललोच नाही.

मला त्या वेळी आजी आठवली. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. आपलं गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. जातं आणि गाणं यांचं नातं इथं कुणाला सांगावं लागत नाही. आजीला शेकडो ओव्या पाठ होत्या. पण तिचा आवाज आज कुठेच नाही. आमच्या घरी तेव्हा टेप नव्हता, मोबाइल तर नव्हताच. त्या अनोळखी फ्रेंच बाईचा श्वास शिल्लक आहे आणि माझ्या आजीचा एक शब्दही नाही. याची रुखरुख मला आजही वाटते.

आणि गंमत पाहा, मराठी ओव्या जपायलाही एक फ्रेंच माणूस पुढे आला होता! गी पॉइतवाँ त्यांचं नाव. पुण्यात राहून त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. काही टेपवरही घेतल्या. त्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायकाही आहेत. जुन्या तबकड्यांसाठीही अशी माणसं आहेत. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मंडळी एकत्र आली. सुरेश चांदवणकरांसारख्या शास्त्रज्ञानं त्या कामाला वाहून घेतलं. तबकड्या जमवायच्या, एकत्र बसून ऐकायच्या, त्यांची माहिती लिहून ठेवायची, असं हे काम.

आता “भंगार कशाला?” याचं माझं उत्तर. मोबाइलमध्ये सगळं आहे असं आपल्याला वाटतं. पण कुणीतरी तबकडी जपली, योग्य यंत्रावर वाजवली, तेव्हाच तिच्यातलं गाणं मोबाइलमध्ये पोचतं. जी तबकडी फुटली किंवा खरवडली गेली, तिच्यातलं गाणं कुठून येणार? संग्रह करणं म्हणजे नुसतं वस्तू मांडून ठेवणं नव्हे. ती वस्तू कशी चालते ते समजून घेणं आणि तिला बोलतं ठेवणं.

तुमच्या घरी माळ्यावर तबकड्या असतील तर एवढं करा. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. त्या लाखेच्या असतात, बांगड्यांना लागते तीच लाख. उन्हात वाकतात, हातातून पडल्या तर कौलासारख्या फुटतात. स्पिरिटनं तर मुळीच पुसू नका, लाख विरघळते. कागदी चिठ्ठी नसेल, अक्षरं कोरलेली असतील, तर पिन लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा.

आणि घरात आजी असेल तर? मग आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा. “आज्जे, एखादी ओवी म्हण ना,” म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ती आधी लाजेल, “मला नाही येत” म्हणेल. थोडा वेळ थांबा. ती म्हणेल. आवाजाबरोबर तिचं नाव, गाव आणि तारीखही लिहून ठेवा, विसरू नका!