चार दिवस साखरेचे

आळंदी रस्त्याच्या कांठीं, विश्रांतवाडीस, आमचें घर आहे. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें, दारापुढें वाहनांची रीघ आणि डोक्यावरून लोहगांवच्या विमानांची सारखी ये-जा. एवढ्या गजबजाटांत माझ्या चमचाभर रक्तानें सारें घर चार दिवस चिडीचूप होईल, असें मला कोणी सांगितलें असतें तर मी हंसलें असतें. परंतु यंदाच्या ज्येष्ठांत तें घडलें खरें.

मला सातवा महिना नुकताच लागला होता. नेहमींच्या तपासणीस गेलें असतां डॉक्टरीणबाईंनीं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांत कालवून प्यावयास दिलें आणि दोन तासांनीं रक्त घेतलें. उपाशीपोटीं यावयाची अट नव्हती. लांबून येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी बसविणें बरें नव्हे, हें जाणून चेन्नईच्या डॉ. शेषय्या यांनीं ही सुटसुटीत रीत रूढ केली व २०१४ च्या सरकारी मार्गदर्शिकेंत तीच घेतली गेली. आंकडा १४० च्या आंत हवा. माझा आला १४६. “गरोदरपणांतला मधुमेह असूं शकेल, नसेलहि. आंकडा कांठावरचा आहे. उपाशीपोटीं एकदां तीन वेळां रक्त पाहूं, मग ठरवूं,” असें त्या म्हणाल्या. मध्यें पालखी, रस्ते बंद. म्हणून ती दुसरी तपासणी एकादशीवर गेली. एकादशीच्या दिवशीं सकाळीं उपाशीपोटीं साखरेचें पाणी पिण्याचें पुण्य मला कोणत्या खातीं जमा झालें, तें पांडुरंगच जाणे!

“असूं शकेल, नसेलहि” या दोहोंच्या मध्यें चार दिवस राहणें किती अवघड असतें, तें त्यांत राहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. रोग आहे म्हटलें तर माणूस कंबर कसतो, नाहीं म्हटलें तर निजतो. मी दोन्ही केलें नाहीं. अक्षय्य तृतीयेपासून खाल्लेल्या प्रत्येक आंब्याचा हिशेब मी रात्रीं पडल्या पडल्या करीत असें. पोटांत बाळ हललें कीं वाटे, या बिचाऱ्याला आपण काय पाजीत आहों!

सासूबाईंनीं ऐकल्याबरोबर निकाल दिला, “आपल्या घराण्यांत कोणाला साखर नाहीं. आणि तूं तर काडीसारखी! तुला कसली आली साखर?” आत्येसासूबाईंनीं त्यावर, आमच्या वेळीं ग्लुकोज पाजून कोणी रोग शोधीत नव्हतें, अशी पुस्ती जोडली. यजमान मात्र रात्रभर मोबाईलवर वाचीत बसले आणि सकाळीं माझ्याहून अधिक घाबरलेले दिसले.

‘काडीसारखी’ या शब्दाचें उत्तर मला आपल्या पुण्यांतच सांपडलें. येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील आयाबाळांचा अभ्यास चालविला. तेथील बाळें सरासरी २.७ किलोंचीं, इंग्लंडमधलीं ३.५ किलोंचीं, तरी त्या रोडक्या बाळांच्या अंगीं चरबी मात्र फारशी कमी नव्हती. २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनीं स्वतःचेंच उदाहरण छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखें; पण इंग्रजाच्या अंगांत चरबी ९.१ टक्के आणि पुणेकराच्या अंगांत २१.२! काडीनें फार फुशारून जाऊं नये, एवढें मी त्यावरून समजलें.

आंब्यांच्या पापाचें ओझें डॉक्टरीणबाईंनीं फोनवरच हलकें केलें. त्यांनीं समजाविलें तें असें : बाळाला पोसणारी वार कांहीं अशीं द्रव्यें सोडते कीं आईचें इन्शुलिन पुरेसें काम करीनासें होतें. बहुतेक बायकांचें शरीर तेवढें इन्शुलिन वाढवून घेतें. कांहींचें घेऊं शकत नाहीं. आईची साखर वारेंतून बाळाकडे जाते, इन्शुलिन जात नाहीं. मग बाळ स्वतःचें इन्शुलिन वाढवितें, अंगानें फार भरतें, बाळंतपण अडतें, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकाएकीं उतरण्याची भीति असते. म्हणून काळजी घ्यावयाची. स्वतःस दोष देत बसावयाचें नाहीं.

नवमीस माउलींची पालखी आमच्याच रस्त्यानें पुण्यास गेली. आम्ही दरवर्षीं दारांत उभे राहून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू देतों. यंदा पहिल्यानेंच मी लाडू वांटले आणि एकहि तोंडांत टाकला नाहीं. दुपारीं सासूबाईंनीं माझ्या ताटांत आमरसाची वाटी ठेवली. मी ती हळूच बाजूस सारली. त्यांची माया नेहमीं वाटींतूनच येते. वाटी परत गेली म्हणजे काय परत गेलें, हें मला कळत होतें. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशीं बोलल्या नाहींत.

दिवेलागणीस त्या मेथी निवडीत बसल्या होत्या. काय बोलावें तें न सुचून मी डॉक्टरीणबाईंनीं दिलेलें पत्रक मोठ्यानें वाचूं लागलें. हा विकार कोणास होण्याचा संभव अधिक, त्यांत एक ओळ होती : पूर्वींचें मूल जन्मतः फार वजनाचें असणें. वाचून झाल्यावर माझ्या ध्यानांत आलें. यजमान जन्मले तेव्हां साडेचार किलोंचे होते. सारें प्रसूतिगृह पाहावयास लोटलें होतें, ही कथा आमच्याकडे दर वाढदिवसाला होते. सासूबाईंचा हात मेथीवर थांबला. “त्या वेळीं मला तहानहि फार लागे,” एवढेंच त्या म्हणाल्या.

एकादशीस त्या माझ्याबरोबर आल्या. माझे तीन आंकडे आले ८८, १७१ आणि १५८. शेवटचा १५३ च्या आंत हवा होता. तिहींपैकीं एक ओलांडला तरी निदान ठरतें, तें ठरलें. खरें सांगतें, मला हायसें वाटलें! पंधरा दिवस आहार सांभाळून पाहावयाचें, न जमल्यास औषध किंवा इन्शुलिन.

मी उठलें तों सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “माझेंहि रक्त घ्या. सकाळपासून पाण्यावर आहें.” गरोदरपणीं हा विकार झालेल्या बाईला पुढें कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच असतो. बोस्टनच्या ओ’सलिव्हन व महान यांनीं १९६४ सालीं गरोदरपणींच्या साखरेच्या मर्यादा प्रथम आंखल्या, त्या तरी बाळासाठीं कोठें? आईला पुढें काय होणार, हें ओळखण्यासाठींच. सासूबाईंचा उपाशीपोटींचा आंकडा निघाला १५२. त्यांच्या तहानेचें नांव कळावयास तेहेतीस वर्षें लागलीं.

आतां जेवणानंतर आम्ही दोघी गच्चीवर पाव तास फेऱ्या घालतों. ज्वारीची भाकरी, उसळ, भात मोजका. थोडें थोडें पण वेळेवर. माझें बोट टोचावयाचें काम त्यांनीं स्वतःकडे घेतलें आहे. उपाशीपोटीं ९५ आणि जेवणानंतर दोन तासांनीं १२० च्या आंत आंकडा आला कीं देवापुढें नमस्कार करतात. स्वतःचें बोट मात्र मला टोचूं देतांना तोंड फिरवितात. इन्शुलिन लागेल कीं नाहीं, तें परवां कळेल. पुढच्या आठवड्यांत डोहाळजेवण आहे. गोड काय करावें, हा वाद अजून मिटला नाहीं. आत्येसासूबाई श्रीखंडावर अडून बसल्या आहेत.