कानाचे माप

बुटाला माप असते, टोपीला असते, सदऱ्याला असते. लग्न ठरले की सोनार बोटाचेही माप घेतो. कानाला मात्र माप असते ही गोष्ट पंचेचाळिशी उलटेपर्यंत माझ्या कानावर आली नव्हती. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कान टोचणे, कान फुंकणे, कानाडोळा करणे, कानावर हात ठेवणे असे पंधरा-वीस वाक्प्रचार पहिल्या वर्षाच्या मुलांकडून दर वर्षी अर्थासह लिहून घेतो. त्यांतल्या एकानेही 'कान केवढा?' असे विचारलेले नाही. तो प्रश्न गेल्या वर्षी एकाच पावसाळ्यात मला दोनदा विचारला गेला. एकदा दीड हजार रुपयांच्या वस्तूने आणि एकदा पंचवीस हजारांच्या. दीड हजारांची वस्तू म्हणजे व्यायाम करताना कानात घालायचे हेडफोन. पंचवीस हजारांची कोणती, ते पुढे येईलच.

व्यायामाचे कारण सर्वांच्या घरी असते तेच. रक्ताचा अहवाल आला, डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि "सर, आता जरा हालचाल करा," म्हणाले. डोंबिवलीत आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर एक जिम आहे. व्यायामशाळा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे तांबडी माती, भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि कोनाड्यातला मारुती उभा राहतो. येथे मातीच्या जागी रबराची जाजमे आहेत आणि मारुतीच्या जागी, चारही कोपऱ्यांत, ध्वनिवर्धक. त्यांतून सकाळी साडेसहाला जे सुरू होते ते गाणे आहे असे तेथील मंडळी म्हणतात. मला त्यात शब्द सापडत नाहीत. शेजारच्या खोलीत कोणी मसाला कुटत असावे असा भास तेवढा होतो. त्यात लोखंडी चकत्या आपटतात, धावण्याच्या पट्ट्यावर बूट वाजतात आणि वजन उचलणारे तरुण हुंकार देतात ते निराळेच. आवाज थोडा कमी करा, अशी मी विनंती केली तेव्हा तेथला शिक्षक मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, गाणं बंद केलं तर निम्मी पोरं घरी जातील."

तो खोटे बोलत नव्हता. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेओर्गिस या संशोधकाने वर्षानुवर्षे याच विषयाचा अभ्यास केला आहे. मिनिटाला साधारण 120 ते 140 ठोके पडणारे गाणे असले की पाय त्या ठेक्यात पडतात आणि श्रम आहेत त्याहून हलके वाटतात. मात्र अगदी छाती फुटेस्तोवर धावू लागले की शरीराची तक्रार गाण्याच्या वरचढ होते, असा या अभ्यासाचा आशय. परंतु त्यासाठी लंडनपर्यंत जावे लागते असे माझ्या आजीला वाटले नसते. जात्यावर बसलेल्या बाईने ओवीवाचून दळण संपवल्याचे तिने कधी पाहिले नसेल. मोटेवर गाणे होते, कापणीला भलरी होती. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर; आमचे वारकरी ते अंतर टाळमृदंगाच्या ठेक्यावर चालून जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांचे वय माझ्याहून वीस वर्षांनी अधिक असते. फरक एवढाच की दळणारीही तीच आणि गाणारीही तीच असे. दम लागला की ओवी आपोआप मंद होई. आवाज किती असावा हे तिच्या छातीच्या भात्याने ठरवलेले असे. आता दम माझा, गळा दुसऱ्याचा, आणि आवाज किती ठेवायचा ते मी बोटाने ठरवायचे, अशी वाटणी झाली आहे.

हे बोटाचे काम आमच्या घरात थट्टेवारी नेता येत नाही. माझे वडील, अण्णा, लालबागच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. माग म्हणजे गिरणगावच्या बोलीत साचा. 1968 साली ते लागले, 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडले, ते पुन्हा आत गेले नाहीत. चौदा वर्षे झाली. धोट्याचे शेकडो साचे एका छपराखाली चालतात तेव्हा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी बोलायचे ते हातवाऱ्यांनी. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतील विणकर बायकांनी तर ओठांच्या हालचालींची एक बोलीच घडवली होती. तिला तिकडे 'मी-मॉइंग' म्हणत. वर्गात बोलींचा विषय निघाला की मी हे उदाहरण देतो आणि मुलांना मौज वाटते. त्या बोलीची किंमत आमच्या चाळीतल्या खोलीला ठाऊक आहे. मी लहान असताना अण्णांना हाक मारण्याची रीत म्हणजे त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहणे. आई त्यांच्याशी कधी हळू आवाजात बोलल्याचे मला आठवत नाही. नवराबायकोत म्हणून जे काही बोलायचे असते, ते एकतर साऱ्या मजल्याने ऐकले असेल, नाहीतर बोललेच गेले नसेल.

म्हणून हेडफोन घ्यायचे ठरले तेव्हा मी दोन अटी घातल्या. वस्तू प्राध्यापकाला परवडावी आणि तिचा आवाज कमी ठेवता यावा. "बाबा, कमी आवाजाचे हेडफोन कोणी विकत नाही," आमची कन्या म्हणाली. ती सतरा वर्षांची आहे आणि या विषयातली घरातली तज्ज्ञ आहे. तिच्या कानात चाललेले गाणे जेवणाच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मला ऐकू येते.

आम्ही दोघे दुकानात गेलो. प्रत्येक खोक्यावर छापील किंमत 4,990, त्यावर काट, आणि खाली 1,299. ही वस्तू 4,990 ला विकत घेणारा गृहस्थ मला एकदा पाहायचा आहे. दुसरे म्हणजे सगळ्यांवर ठळक अक्षरांत 'बास' लिहिलेले. खर्जातला दणका असा त्याचा अर्थ. आपल्याकडे 'बास' म्हणजे पुरे. या खोक्यांवर तो शब्द नेमका उलट्या अर्थाने छापतात.

जाती तशा फार नाहीत. स्टेशनबाहेर शंभर-दीडशेला मिळतात ते वायरचे. आवाजाला अगदीच वाईट नसतात, पण वायर डंबेलमध्ये अडकली की फोन जमिनीवर. डोक्यावरून घेऊन कान झाकणारे असतात ते रुबाबदार खरे, परंतु त्यांच्या गाद्या घाम पितात आणि बाकावर उताणे झाले की ते मागे घसरतात. कानाबाहेर बसून किंवा हाडातून ऐकवणारे निघाले आहेत. रस्त्याने धावणाऱ्याला मागची गाडी ऐकू यावी म्हणून ते उत्तम. जिममध्ये मात्र कान उघडा राहतो, कोपऱ्यातला ध्वनिवर्धक आत शिरतो आणि त्याच्यावर ताण करायला आपण आपला आवाज चढवतो. डबीत ठेवायचे सुटे दोन दाणे हल्ली सर्वांकडे दिसतात. त्यांचा निकाल सौ.ने घरीच लावून ठेवला होता. "अहो, तुम्ही चष्मा दिवसातून तीनदा शोधता. ते शेंगदाण्याएवढं कानातलं कोण शोधणार?" राहता राहिला नेकबँड, म्हणजे मानेमागून जाणारा पट्टा आणि त्याच्या दोन टोकांना दोन बोंडे. कानातून निसटले तरी गळ्यात राहते.

वायरवाचून हे चालते ते ब्लूटूथने. हे डेन्मार्कच्या हाराल्ड नावाच्या, दहाव्या शतकातल्या राजाचे टोपणनाव. त्याने विखुरलेली माणसे एका राज्याखाली आणली, तशी ही युक्ती निरनिराळी यंत्रे एकत्र आणील, म्हणून 1997 च्या सुमारास इंटेलच्या जिम कार्डॅक यांनी ते सुचवले. (त्यांचे नाव खरोखरच जिम आहे.) त्याच्या आद्याक्षरांच्या, रून लिपीतल्या दोन खुणा जोडून ते चिन्ह झाले. मी घरात त्याला 'नीलदंत' म्हणतो. कोणी हसत नाही.

घामाचा प्रश्न खोक्यावरच्या एका संकेताने सुटतो. आयपीएक्स 4 म्हणजे कोणत्याही बाजूने पाणी उडाले तरी चालेल. 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालेल. मधला 'एक्स' म्हणजे धुळीची परीक्षा घेतलेली नाही, एवढेच. व्यायामाला 4 पुरे. पण ती परीक्षा गोड्या पाण्याची असते आणि घाम खारट असतो. तेव्हा काम झाले की कोरड्या फडक्याने पुसावे, विशेषतः चार्जिंगची तोंडे. दुकानदार हे सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. डेसिबलचा हिशेब वाण्याच्या हिशेबासारखा सरळ नाही. 80 चे 90 झाले तर ते दहाने वाढले असे वाटते. वास्तविक ध्वनीची शक्ती दसपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ऐकले तर कानाला सोसते. 90 झाले की तेच चार तासांवर येते. शंभरला पोचलात तर आठवड्याचा शिधा अर्ध्या तासाच्या आत संपतो. अण्णा तो शिधा रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस खात होते. आणि त्यांना त्याचा पगार तरी मिळत होता. जिममधला मुलगा तेवढाच आवाज पदरचे पैसे मोजून घेतो. त्याला हौस असते म्हणून नव्हे. बाहेर गोंगाट असतो, त्याच्या वर आपले गाणे न्यायचे असते, म्हणून बोट चढत जाते. सारा प्रश्न बाहेरचा आवाज किती आत येतो याचा आहे, आणि तेथे कानाचे माप येते.

खोक्यात, तळाशी, एका छोट्या पिशवीत रबराच्या बोंडांच्या आणखी दोन जोड्या असतात. एक लहान, एक मोठी. मधली अगोदरच बसवलेली. नव्या सदऱ्याच्या जादा बटणाप्रमाणे ती पिशवी बहुतेक घरांत ड्रॉवरमध्ये पडते. खरी खरेदी तीच आहे. बोंड सैल असले की खर्जाचे सूर आधी गळून जातात. कान म्हणतो, यात दम नाही. बोट आवाज वाढवते. आणि बाहेरचा गोंगाट त्याच फटीतून आत येतच असतो. बोंड नीट बसले की बाहेरचे पंधरा-वीस डेसिबल दारातच थांबतात. बाहेरचा आवाज खोडून काढणारी विजेची योजना हल्ली दीड-दोन हजारांतही मिळते. पंख्याची किंवा यंत्राची एकसुरी घरघर ती चांगली पुसते, आपटणाऱ्या लोखंडापुढे तिचे फारसे चालत नाही, आणि बोंड सैल असेल तर मुळीच नाही. पारख सोपी आहे. कानात घालावे, गाणे लावावे आणि माझ्या तासाला मुले देतात तशी मोठी जांभई द्यावी. आवाज बदलला तर माप चुकले. माझ्या उजव्या कानाला मधले बोंड बसते आणि डाव्याला लहान. इतकी वर्षे हे दोघे माझ्या डोक्याला दोन्हीकडून लागून आहेत, पण ते जुळे नाहीत हे मला ठाऊक नव्हते.

1,499 चा नेकबँड घेतला. सात दिवसांत परत घेण्याचे दुकानदाराकडून कबूल करून घेतले होते, ती वेळ आली नाही. आता फोनच्या निम्म्याहून खाली आवाज ठेवूनही मला नाट्यसंगीतातली हरकत ऐकू येते, आणि मसाला कुटणे लांब, दुसऱ्या वाड्यात गेल्यासारखे वाटते. पट्ट्यावर चालायला मात्र नाट्यपद उपयोगाचे नाही, तान सुरू झाली की पाय थांबतो. त्याला ढोलकीची लावणीच हवी.

कन्येचे कान आईवर गेलेले, लहान. तिच्या हेडफोनला पहिल्या दिवसापासून मधलेच बोंड होते. मी काही बोललो नाही. ड्रॉवरमधली पिशवी शोधून तिच्या ताटाजवळ ठेवली. दोन दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, बास वाढला." मी म्हटले, "मग आता बास कर." आवाज चार घरे खाली आला. टेबलाच्या अलीकडे आता ऐकू येत नाही.

त्याच पावसाळ्यात अण्णांनी कर्णयंत्र घ्यायला होकार दिला. दहा वर्षे ते "आता कोणाचं ऐकायचं राहिलंय?" म्हणून टाळत होते. पंचवीस हजार, एका कानाचे. तेथल्या मुलीने त्यांच्या कानात गुलाबी, मऊ लगदा भरला आणि पाच मिनिटांनी तो अलगद बाहेर काढला. शंखाच्या आतल्या बाजूसारखा दिसत होता. यंत्र याच्या बरहुकूम बसले नाही तर शिट्टी मारते, असे ती मला म्हणाली, आणि मग अण्णांच्या पुढ्यात येऊन, मोठ्याने, "आजोबा, हा तुमच्या कानाचा साचा."

'साचा' तेवढा अण्णांना बरोबर कळला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "एवढासाच?"

यंत्र येऊन आता वर्ष होत आले. आई अजून ओरडूनच बोलते. पन्नास वर्षांची सवय आहे. परवा रात्री त्यांच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "अगं, हळू बोल. पोरं ऐकतील."