रेड स्पेशल गिटारीस अनावृत पत्र

प्रिय रेड स्पेशल,

तुझी गोष्ट सांगणारे बहुतेक जण भंगारापाशीच रमतात. जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून काढलेली नेक, तिच्यातली किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं फ्रेटबोर्डावर खुणा म्हणून बसवलेली. ट्रेमोलोला १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि त्याच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. खर्च म्हणे आठेक पौंड.

गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून उद्या कुणी मुलगा जुन्या पलंगाचं सागवान कापायला घेईल, तर उरलेलं त्याला कोण सांगणार?

१९६३ साली लंडनजवळच्या फेल्टममध्ये सोळा वर्षांच्या ब्रायन मेला दुकानातली फेंडर परवडत नव्हती हे खरं, पण त्याच्याकडे वडील हॅरॉल्ड होते. ते पेशाने इलेक्ट्रॉनिक्सवाले. घरचा टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जोडलेला. बापलेक तुझ्यावर दोनेक वर्षं खपले, आणि त्या आठ पौंडांत हॅरॉल्डच्या मजुरीची एक पेनीही धरलेली नाही.

लाकूड जुनं चालतं. मापं मात्र चोख लागतात. तुझ्या तारेची लांबी २४ इंच. तिला १७.८१७ ने भागलं की नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं, साधारण १.३५ इंच. मग उरलेल्या लांबीला पुन्हा भागायचं, असं चोवीस वेळा. वरच्या फ्रेट्सवर मिलिमीटरभर चूकही कानाला टोचते आणि कितीही ट्यून केलं तरी ती जात नाही. शिवाय तारांचा तीस-चाळीस किलोंचा ओढा सोसायला नेकच्या पोटात पोलादी सळई हवीच. तिथे काटकसर केली, तर नेक वाकलीच म्हणून समजा.

पिकअप ब्रायनने आधी घरीच चुंबकांवर तार गुंडाळून केले. वाजायचे छान, पण तार बोटाने आडवी ओढून सूर चढवला की आवाज विचित्र व्हायचा. मग त्याने हट्ट सोडला आणि बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक विकत आणले. त्यांनी शिट्टी मारू नये म्हणून आत ॲरल्डाइट मात्र स्वतः भरलं. प्रत्येक पिकअपला चालू-बंदचं एक बटण आणि फेज उलटवणारं दुसरं. दुकानातल्या गिटारींत ही सोय सहसा नसे. मला तुझ्यातलं सगळ्यात हुशार काम हेच वाटतं. स्प्रिंगांचं कौतुक त्यानंतर.

तसं पाहिलं तर तू पुरती भरीवही नाहीस. वरून सॉलिड बॉडी दिसतेस, पण आत मुद्दाम पोकळ्या ठेवल्यात. इतर गिटारवाले ज्या फीडबॅकला टाळत, तोच या मुलाला हवा होता.

पुढे ब्रायनच्या बँडमध्ये तुझ्या शेजारी उभा राहून गायला तो फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. तेवढं नातं आम्ही सांगणारच.

गंमत अशी, की ज्या बापाने तुला घडवलं, त्यालाच मुलाने पीएच.डी. अर्धवट टाकून तुला घेऊन हिंडावं हे रुचलं नव्हतं. ती पीएच.डी. २००७ मध्ये पुरी झाली. तोवर तू बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही वाजून आली होतीस. आणि अजूनही ब्रायन तुला प्लेक्ट्रमऐवजी जुन्या सहा पेनीच्या नाण्याने वाजवतो. हे काही पैसे वाचवायला नव्हे. नाण्याची खरबरीत कड तारेला घासते, तो आवाज त्याला हवा असतो.

तुझा,
रंधा हाती धरलेला एक चाहता